बँड. आवाज निराळा.

८ जून २०२४, शनिवार
गिरगावातली खोली पुनर्विकासाला जाणार, शुक्रवारपर्यंत रिकामी करायची. पोटमाळ्यावरून काकांची पत्र्याची ट्रंक उतरवली. वर तबल्याची जुनी गादी, मध्ये गोदीतल्या नोकरीचे कागद, तळाशी एक गोल पत्र्याचा डबा. डब्यावर काकांच्या वळणदार अक्षरात चार शब्द: ‘बँड. आवाज निराळा आहे.’

आत सोळा मिलिमीटरचं एक रीळ, ४०० फुटांचं. झाकण उघडताच विनेगरचा भपकारा. मला आधी वाटलं शेजारी कोणीतरी सोरपोतेल शिजवतंय.

काकांनी कधी सिनेमा काढला होता हे घरात कोणालाच ठाऊक नाही. आई म्हणाली, “ते तबला वाजवायचे, ऑफिसातून उशिरा यायचे, एवढंच.” उजेडाला धरून पाहिलं: नारिंगी अंधार, मध्ये पितळेचं काहीतरी चमकतंय. ट्रम्पेट असावं.

९ जून, रविवार
आज माती खाल्ली. लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा होणार नाही.

मित्राकडे हातानं फिरवायचा जुना व्ह्यूअर होता. धीर निघेना, लावलं रीळ. पहिली दोन मिनिटं बरी गेली. मग दाते एका भोकात अडकले आणि करकन आवाज आला. तीन इंच चिंधड्या. सोळा मिलिमीटरला एका फुटात चाळीस फ्रेम बसतात, म्हणजे तीन इंचांत दहा. सेकंदाला चोवीसच्या हिशेबानं जवळपास अर्धा सेकंद. त्याआधी चाळीस-पंचेचाळीस वर्षं कोणी हात लावला नव्हता, तोवर ते शाबूत होतं.

पोटासाठी मालिकांचं साउंड एडिटिंग करतो. फिल्मला हात लावायची अक्कल नाही हे आधीच कबूल करायला हवं होतं.

१५ जून, शनिवार
लॅबमधल्या मुलीनं रीळ पाहिलं, मला पाहिलं, आणि काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

तिनं सांगितलेलं टिपून घेतलं. फिल्मचा पाया अ‍ॅसिटेटचा. दमट हवेत तो कुजतो, त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं, म्हणून विनेगरचा वास. आम्ल सुटलं की कुजणं आणखी वेग घेतं, आणि पत्र्याच्या बंद डब्यात ते आतल्या आतच कोंडतं. मुंबईतला पोटमाळा म्हणजे या रोगाला माहेरघर. डब्यात तपासणीची निळी पट्टी ठेवली होती, ती हिरवट झाली. पिवळी झाली असती तर आशा सोडायची होती.

मग आकसलेलं मोजलं. शंभर फ्रेम म्हणजे ७६२ मिलिमीटर भरायला हवेत, आमच्या ७५५ भरल्या. जवळजवळ एक टक्का. दात्यांच्या यंत्रावर हे रीळ चढवणं म्हणजे आत्महत्या (इथे ती माझ्याकडे बघून हसली). त्यांचं स्कॅनर नुसत्या रबरी चाकांवर फिल्म ओढतं, भोकांचा उपयोग कॅमेऱ्यानं नुसता खुणेसाठी करतं.

काठावर ‘एक्टाक्रोम’ छापलंय. ही रिव्हर्सल फिल्म, म्हणजे कॅमेऱ्यात जी फिरली तीच धुऊन पडद्यावर जाते. निगेटिव्ह नसतेच. जगात ही एकच प्रत आहे आणि तिचे तीन इंच मी खाल्लेत.

काठावर साल सांगणाऱ्या बारीक खुणाही असतात, चौकोन-त्रिकोण वगैरे. गंमत अशी की कोडॅकच्या त्या जुन्या खुणा दर वीस वर्षांनी तशाच परत यायच्या. आमच्या खुणेचा अर्थ १९५८ किंवा १९७८. संवत्सरांच्या नावांसारखंच: नाव कळतं, फेरा कळत नाही.

८ जुलै, सोमवार
रात्रभर पाऊस, लोकल बंद, स्टुडिओला दांडी. ट्रंकेतलं उरलेलं उपसलं.

‘आवाज निराळा आहे’ याचा अर्थ इतके दिवस मी ‘आवाज नाही’ असाच घेत होतो. फिल्मच्या काठावर ध्वनीची पट्टी नाही, मूकपट आहे, विषय संपला. पण काका ‘नाही’ म्हणत नाहीयेत. ‘निराळा’ म्हणतायत.

पाच इंची टेपचे सहा स्पूल होते, सगळ्यांवर गाण्यांची नावं: पूरिया, नाट्यगीतं, रेडिओ, भीमपलास. भीमपलासच्या खोक्यात कागदाचा कपटा मिळाला. त्यावर नुसते आकडे, एकाखाली एक, २७ पर्यंत. काही आकड्यांपुढे ‘ड्रम’, काहींपुढे ‘तुतारी’. काकांना ट्रम्पेट हा शब्द माहीत नसणं शक्य नाही. मुद्दाम लिहिलं असणार, मिस्कील होते.

२१ जुलै, रविवार
एका जुन्या रेकॉर्डिस्टकाकांनी त्यांचं मशीन दिलं, हेड स्पिरिटनं पुसून, फीत कशी बघायची ते शिकवून. स्पूल उजेडासमोर धरायचा: प्रकाश आरपार दिसला तर अ‍ॅसिटेट, नाही दिसला तर पॉलिएस्टर. आमची काळी ठार. पॉलिएस्टर, बरं झालं.

सेकंदाला पावणेचार इंच, ६०० फूट, ३२ मिनिटं. हेडफोन लावले आणि क्षणभर वेड लागल्यासारखं झालं. डाव्या कानात गिटार, बेस, ड्रम, वर ट्रम्पेट, लोकांच्या शिट्ट्या. उजव्या कानात कोणीतरी उलटं नाट्यगीत गातंय, ताना मागे पळतायत, टाळ्या आधी आणि गाणं नंतर.

उलगडा सोपा आहे. माझ्या काकांचं मशीन फितीच्या अर्ध्या रुंदीवर एका बाजूनं रेकॉर्ड करायचं, स्पूल उलटला की उरलेल्या अर्ध्यावर. हे उसनं मशीन दोन्ही अर्धं एकदम वाजवतं, त्यामुळे दुसरी बाजू उलटी ऐकू येते. उजवा कान बंद केला.

आणि मग तो आवाज. ब्लूज, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा गाण्याचा बाज, पण हॉटेलातल्यासारखा गुळगुळीत नाही. एक बाई गाते, इंग्रजीत, खर्जात. शब्द नीट कळत नाहीत, माइक वाईट आहे. ट्रम्पेट तिच्या ओळीच्या शेपटीला धरून उत्तर देतं. साथीच्या सारंगीचं काम ट्रम्पेट करतंय म्हणा.

पंधरा मिनिटं मी एकही नोंद केली नाही. व्यावसायिक माणसाला हे शोभत नाही.

१० ऑगस्ट, शनिवार
स्कॅन आलं. १६ हजारांच्या आसपास फ्रेम, ११ मिनिटं, २७ तुकडे. २७ म्हणजे कपट्यावरचे आकडे जुळले!

सर्वात लांब तुकडा ६६८ फ्रेमचा, म्हणजे २८ सेकंदांना जरा कमी. चावीचा बोलेक्स कॅमेरा एका चावीत साधारण तेवढाच चालतो, मग स्प्रिंग संपते, पुन्हा पिळा. म्हणजे काकांनी (बहुधा उसना) चावीचा कॅमेरा वापरला. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला दोनतीन पांढरट फ्रेम आहेत: कॅमेरा वेग घेईपर्यंत फ्रेमला जास्त उजेड मिळतो. त्यामुळे कुठे नवा तुकडा सुरू होतो हे शोधावं लागलं नाही.

आता खरं सांगायचं तर निराशा झाली. काकांनी माणसं काढलीच नाहीत. हात काढलेत. ड्रमरचं मनगट. बेसवर चालणारी दोन बोटं. ट्रम्पेटच्या तीन कळांवरची तीन बोटं, आणि कडेला फुगलेला अर्धा गाल. गाणारी बाई २७ पैकी फक्त दोन तुकड्यांत, त्यातही एकात माइकवर घट्ट आवळलेली मूठ जास्त आणि ती कमी. हॉल कुठला, बँडचं नाव काय, काही दिसत नाही. बेस ड्रमवर काहीतरी रंगवलंय, त्यातलं शेवटचं अक्षर तेवढं चौकटीत आलंय.

तबलजीला कॅमेरा दिला की हेच होणार.

२४ ऑगस्ट, शनिवार
सालाचा निकाल लागला. बेस उभा, सारंगीच्या थोरल्या भावासारखा नाही, इलेक्ट्रिक आहे, गळ्यात अडकवलेला. तो १९५८ मध्ये मुंबईतल्या एखाद्या हौशी बँडकडे असता तर चमत्कार. आणि तुकडा ११ मध्ये ड्रमरचा पाय पेडलवर आहे, पँटची बॉटम ताटाएवढी. १९७८ची फिल्म. कार्यक्रम त्यानंतर वर्षा-दोन वर्षांतला.

मुंबईत तेव्हा हवा तीच होती. १९७८च्या फेब्रुवारीत धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव पहिल्यांदा झाला, निरंजन झवेरींनी घडवलेला, अमेरिकेचा सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स येऊन वाजवून गेला. आज त्या रंगभवनात पान हललेलं ऐकू येईल. आजूबाजूला इस्पितळ, कॉलेज, कोर्ट, म्हणून शांतता क्षेत्र, आणि २००३ पासून उघड्यावरचे कार्यक्रम बंद. इस्पितळाच्या दाराशी ढणढणाट नको हे मलाही पटतं. तरी तिथून जाताना मान वळतेच.

काकांच्या डायरीत गोदीतल्या एका सहकाऱ्याचं नाव होतं, पुढे ‘ढोल’. तो ड्रमर. गेला बिचारा. वसईत त्याच्या मुलीचा पत्ता लागला. ती म्हणाली, “पप्पांचा ट्रम्पेटवाला दोस्त आहे अजून. ऐंशीचा आहे, पण फोन स्वतः उचलतो.”

उचलला. मी काकांचं नाव सांगितलं. पलीकडे शांतता, मग: “तो तबलावाला? कॅमेरा घेऊन आमच्या पायात यायचा तो?”

८ सप्टेंबर, रविवार
गणपतीचा दुसरा दिवस. खाली ढोल-ताशा, वर मी हेडफोन घालून ५० हर्ट्झची गुणगुण शोधतोय.

अडचण अशी की टेपवरचा पहिला ब्लूज बी फ्लॅटच्या जरासा वर वाजतो आणि शेवटचा सरळ बी मध्ये. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवाले बी फ्लॅटला घरच्यासारखे असतात. बी मध्ये ब्लूज लावा म्हटलं तर ते उठून चहाला जातील. आधी वाटलं, गिटारवाल्यानं हट्ट केला असेल. पण गिटारवाले ई आणि ए मागतात, बी नाही.

मग लक्षात आलं, गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून विजेची गुणगुण फितीवर उतरली आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. टेपच्या सुरुवातीला ही गुणगुण ५०.३ वर आहे. दहाव्या मिनिटाला ५०.८. विसाव्याला ५१.५. शेवटी ५३.१. त्या काळी वीज अर्धा-एक हर्ट्झ खालीवर व्हायची हे खरं, पण ती अर्ध्या तासात अशी पायरी-पायरीनं नुसती चढत जात नाही. आणि वीज चढली म्हणून ट्रम्पेटची पट्टी चढत नाही. इथे दोन्ही एकत्र चढतायत, अर्ध्या सुरानं.

म्हणजे चढत काहीच नव्हतं. काकांचं मशीन सेलवर चाललं होतं आणि सेल मरत होते. रेकॉर्ड होताना फीत हळूहळू मंदावत गेली, त्यामुळे आज नीट वेगानं वाजवली की ती धावते. शेवटची पाच मिनिटं सगळ्यात वाईट, कारण मरताना सेल एकदम मान टाकतात.

आता गुणगुणीलाच काठी धरायची. सगळीकडे ती ५० वर येईल असा वेग क्षणाक्षणाला बदलायचा. दिवसभर तेच केलं. ३१ मिनिटं ४० सेकंदांची फीत ३२ मिनिटं २६ सेकंदांची झाली. शेवटचा ब्लूज बी फ्लॅटमध्ये येऊन बसला आणि बाईचा आवाज एकदम भारदस्त झाला. इतके दिवस मी तिला विशीतली समजत होतो.

ज्या खरखरीला एरवी मी दिवसाचे आठ तास पैसे घेऊन पुसतो, तिनंच वाट दाखवली. पुसली असती तर?

१४ सप्टेंबर, शनिवार
जुळणी सुरू. एकही तुकडा लागला नाही. झोप.

२८ सप्टेंबर, शनिवार
नऊ लागले!

रीत कशी सापडली ते लिहितो. ब्लूज बारा बारचा असतो, दर बारला चार ठोके, म्हणजे ४८ ठोक्यांचं एक आवर्तन. चार-चार बारच्या तीन ओळी: पहिली बी फ्लॅटवर, दुसरी मध्यमावर चढून परत येते, तिसरी पंचमाला हात लावून घरी. टेपवरच्या मधल्या ब्लूजची लय मिनिटाला १२० ठोके, म्हणजे एक आवर्तन २४ सेकंदांत. काकांची एक चावी २८ सेकंद. प्रत्येक पूर्ण तुकड्यात एक आख्खं आवर्तन आणि वर थोडं! हा योगायोग की काका समेची वाट बघून खटका दाबत होते, हे मला सांगता येणार नाही. पण नऊपैकी सहा तुकडे आवर्तनाच्या तोंडाशीच सुरू होतात.

सम कुठे आहे हे ड्रमरच्या हातावरून कळतं. आवर्तन संपताना तो डावीकडून उजवीकडे फिरत येतो आणि मोठ्या सिंबलवर झाड पाडल्यासारखा हात टाकतो. ती फ्रेम आणि टेपवरचा तो ‘छन्न’ एकमेकांवर ठेवायचे. मात्र समेवरून आवर्तनातली जागा कळते, कितवं आवर्तन ते कळत नाही. मैफिलीत उशिरा शिरलेल्या माणसासारखं. त्यासाठी कोण सोलो घेतोय हे बघायचं, आणि तेही फक्त हातांवरून.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. काकांनी चेहरे काढले असते तर यातला एकही तुकडा मला लावता आला नसता. चेहरा डोळे मिटून डुलतो, कुठेही डुलेल. मनगट खोटं बोलत नाही.

चावीच्या कॅमेऱ्याचा वेगही थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून प्रत्येक तुकडा टक्काभर ताणावा किंवा आवळावा लागतोय. एकदा बसला की बसतो.

१९ ऑक्टोबर, शनिवार
ट्रम्पेटवाल्या अंकलकडे गेलो, लॅपटॉप घेऊन. तुकडे १९ लागलेत.

त्यांनी चष्मा बदलला, पडदे ओढले, बायकोच्या फोटोपुढचा दिवा मात्र राहू दिला. पहिला तुकडा लावला. ते स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हा हात माझा आहे? असा गुळगुळीत?”

माहिती बरीच मिळाली. गाव गोव्यातल्या साष्टीतलं. चर्चच्या शाळेत मेस्त्रींनी, म्हणजे संगीताच्या मास्तरांनी, आधी सॉल्फेज शिकवलं, दो-रे-मी, चुकलं की बोटांवर पट्टी. मग व्हायोलिन, मग ट्रम्पेट. गोवा मुक्त झाला त्याच्या पुढच्या वर्षी, अठराव्या वर्षी मुंबईला. धोबीतलावला गावाच्या कुडात (गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडात) एक ट्रंक ठेवायची जागा आणि झोपायला चटई. दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला, रात्री चर्चगेटच्या रेस्टॉरंटात. सिनेमावाल्यांना गोव्याची माणसं का लागायची, तर समोर कागद ठेवला की वाजवायची. हे सगळं वाचलेलं होतं, पण ऐंशी वर्षांच्या तोंडून ऐकताना त्यात भाड्याचे आणि बसचे आकडे येतात.

चिक चॉकलेटला त्यांनी दोनदाच पाहिलं, लांबून. तो हळदोण्याचा ट्रम्पेटवाला, खरं नाव आंतोनियो शाव्हिएर वाझ, ‘मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणायचे त्याला. सी. रामचंद्रांच्या (म्हणजे चितळकरांच्या) ‘अलबेला’त, १९५१ साली, तो बँडसकट पडद्यावरही आहे. अंकल म्हणाले, “चितळकर आमच्यात येऊन बसायचा असं आमचे मोठे सांगत. म्हणून त्याचं गाणं डुलतं. बाकीच्यांचं नुसतं पळतं.” यावर वाद होऊ शकतो, मी घातला नाही.

मी विचारलं, तुमच्या बँडचं नाव काय? हसले. “ज्यानं बुकिंग आणलं त्याचं नाव. त्या रात्री ड्रमरनं आणलं होतं, म्हणून ड्रमवर त्याचं.” कार्यक्रम कुठला? एका जिमखान्याचा हॉल, तिकीट नाही, ऐकणारे बहुतेक नातेवाईक आणि गोदीतले. दिवसभर सिनेमात कागद वाचून आणि रात्री हॉटेलात फर्माइशी वाजवून कंटाळलेली सहा माणसं, एक रात्र स्वतःसाठी. फिल्मचे डबे ड्रमरच्या तारवटी (खलाशी) मेव्हण्यानं जहाजावरून आणले होते.

“ब्लूज कागदावर येत नाही,” ते म्हणाले. “‘मी बेमोल’, म्हणजे उतरलेला ‘मी’, लिहिला की लोक ‘मी बेमोल’ वाजवतात. तो सूर तिथे नसतो. जरा वर असतो, पण ‘मी’पर्यंत पोचत नाही.” मी म्हटलं, आमच्याकडे कोमल गंधाराच्या श्रुती म्हणतात. “हां, तुझा काकापण हेच म्हणायचा. डोकं खायचा. तुमचा ब्लूज म्हणजे आमचा भीमपलास, म्हणायचा.”

भीमपलासच्या खोक्यात टेप का होती, ते कळलं. तो पत्ता चुकलेला नव्हता, काकांच्या हिशेबानं लेबल बरोबरच होतं. आरोहाचे सूर खरंच तेच आहेत: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. चाल निराळी. त्या एका लेबलावर काका आणि अंकल रात्रभर भांडू शकले असते, आणि बहुधा भांडलेही होते.

अंकलनी तीन तुकडे बसल्या बसल्या लावून दिले. नुसत्या कळा बघून.

९ नोव्हेंबर, शनिवार
परवानग्यांचं काम. रटाळ, पण टाळता येत नाही. रीळ माझ्या ट्रंकेत निघालं म्हणून त्यातली माणसं माझी होत नाहीत.

अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिनची गोष्ट सारखी डोक्यात येते. जानेवारी १९७२, लॉस एंजेलिसमधलं एक चर्च, दोन रात्री तिचं गॉस्पेल गाणं, दिग्दर्शक सिडनी पोलॅक, आणि एवढ्या मोठ्या युनिटनं क्लॅपर बोर्ड वापरला नाही. चित्र आणि ध्वनी जुळेचनात. रेकॉर्ड निघाली, खपली, सिनेमा गोदामात गेला. अनेक वर्षांनी अ‍ॅलन एलियटनं ते हक्क घेऊन संगणकावर जुळवलं. तर अरेथानंच कोर्टात जाऊन प्रदर्शन अडवलं. ती गेल्यावर, २०१८ मध्ये घरच्यांच्या संमतीनं तो लोकांपुढे आला. हॉलिवूडचं युनिट क्लॅप विसरतं म्हटल्यावर गोदीतल्या कारकुनाला काय बोलायचं. शिवाय काकांनी कपटा तरी लिहून ठेवला!

आमच्या सहापैकी अंकल एकटेच हयात. ड्रमरच्या मुलीचा होकार आला. गिटारवाल्याचा मुलगा मस्कतला, त्यानं एका ओळीत ‘हो’ लिहिलं आणि खाली वडिलांचे चार फोटो पाठवले. गाणाऱ्या बाईची बहीण सापडली. तिची एकच अट: आधी मी एकटी बघणार. योग्य आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार
विधानसभेच्या निकालाचा दिवस, बाहेर फटाके. आत रंग.

दिवसाच्या उजेडासाठीची फिल्म पिवळ्या बल्बांखाली वापरलीय, त्यामुळे सगळं नारिंगी. यंत्रावर एका बटणात पांढरं करता येतं. केलं. हॉल एकदम सरकारी दवाखान्यासारखा दिसायला लागला. अर्धं परत नारिंगी केलं. अंकलना फोन करून विचारलं, दिवे कसे होते? “दिवे कोण बघतो,” म्हणाले, “घाम आठवतो.”

मी फाडलेल्या दहा फ्रेम नवव्या तुकड्यात येतात, नेमक्या समेवर. तो हात सिंबलवर पडतानाच. लॅबमधली मुलगी म्हणाली, आजूबाजूच्या फ्रेम बघून मशीन मधल्या दहा बनवून देईल, कळणारसुद्धा नाही. नको म्हटलं. तिथे काळं राहील, आवाज चालू राहील.

१४ डिसेंबर, शनिवार
शेवटची नोंद, निदान या वहीतली. २७ पैकी २६ जागेवर.

सत्ताविसावा कुठेच बसत नव्हता. महिनाभर त्याला टेपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून पाहिलं. अंकलचा हात आहे, जवळून, २६ सेकंद, मागे सगळे थांबलेले. बेसवाल्यानं हात पट्ट्यावर ठेवलाय. म्हणजे ट्रम्पेट एकटंच वाजतंय. टेपवर असं एकटं ट्रम्पेट कुठेच नाही. आज अंकलना दाखवलं तेव्हा उमगलं: सेल संपले होते. बँड वाजत राहिला, काका चावी पिळत राहिले, फीत थांबली होती.

अंकलनी तुकडा चार वेळा बघितला. मग उजवा हात गुडघ्यावर ठेवून पडद्यातल्या हाताबरोबर बोटं हलवायला लागले. सगळ्या कळा मोकळ्या. पहिली. दुसरी. पुन्हा मोकळ्या.

“सोल, फा, ‘मी बेमोल’, दो,” पुटपुटले.

मी म्हटलं, प, म, ग, सा. आणि मोकळ्या कळा तर सोललाही आणि दोलाही, मग कुठला कुठे हे कसं कळतं?

“गाल बघ. वर फुगलाय तेव्हा सोल.” थोडं पुढे गेल्यावर अडखळले. तुकडा मागे घ्यायला लावला. पुन्हा अडखळले. “इथे मी काय केलंय? दोन-तीन सूर होऊ शकतात. काय केलं असेल रे मी?”

त्यांनी कपाटातून माउथपीस काढून आणला, नुसता, ट्रम्पेट विकून झालंय. पुसला. ओठांना लावून तो तुकडा वाजवला, बारीक, माशी गुणगुणल्यासारखा. अडखळण्याच्या जागी एकदा एक सूर लावला, एकदा दुसरा. दोन्हींनंतर मान हलवली. मी फोनवर रेकॉर्ड केलं. मुलानं दाराशी येऊन विचारलं, डॅडी, काय चाललंय?

परत येताना गाडीत विचार केला, हा आवाज तुकड्यावर घालता येईल. बसेलही. रात्री टाइमलाइनवर ठेवून बघितला, आणि काढला. फोनचं रेकॉर्डिंग वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलं, नावात आजची तारीख घातली.

तुकडा २७: ६२४ फ्रेम. रंग झाला. ध्वनी नाही. मूळ रीळ लॅबच्या थंड खोलीत, हवा खेळत्या प्लास्टिकच्या डब्यात. जुना पत्र्याचा डबा माझ्याकडे.